स्पॅनिश पिस्तुलातला दोरा

मल्लिकार्जुनने पिस्तुलाच्या मुठीवरची लाकडी फळी काढली आणि हातातला पेचकस खाली ठेवला. आत दोरा होता.

पिस्तूल स्पॅनिश, बत्तीस बोअरचं, स्वस्तातलं. सात रस्त्याजवळच्या त्याच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानात असली पिस्तुलं वर्षाला आठ-दहा यायची. सगळी एका घरची. कुणी तरी कधी काळी एक चांगलं पिस्तूल काढलं, त्याची नक्कल झाली, मग नकलेची नक्कल. वडील दुकानात बसायचे तेव्हा पिस्तुलाच्या आत जे होतं तेच आज चौऱ्याहत्तर सालीही होतं. गिऱ्हाईक म्हणायचं, नवं मॉडेल आहे. मल्लिकार्जुन न बघताच म्हणायचा, "मूठ नवी असेल."

दोरा मात्र त्याने कुठल्याच पिस्तुलात पाहिला नव्हता. मेण लावलेला सुती दोरा, एकाला एक लागून अकरा वेढे, आणि त्या दोऱ्याने बांधलेली नखाएवढी पोलादी जीभ. ती जीभ त्याने स्वतः घासून बनवली होती. पाच वर्षांपूर्वी.

स्वस्त पिस्तुलाची खोड एकच. हातातून पडलं की आतली टोचणी पुढे जाऊन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि गोळी सुटते. महागातल्या जर्मन पिस्तुलात टोचणी अडवून धरायची सोय असते. स्वस्तातल्यात कोण घालतं? ती सोय मल्लिकार्जुनने चार आण्यांच्या पोलादात केली होती. पोलाद बायकोने दिलं होतं. शिवबाईचं माहेर फणी बांधणाऱ्यांचं. हातमागाची फणी मेणाच्या दोऱ्याने बांधतात; तिची पातळ पोलादी पाती शिवबाईच्या डब्यात नेहमी असत. चाप पूर्ण ओढल्याशिवाय जीभ हलायची नाही, टोचणी सुटायची नाही. त्याने तीन नमुने केले, ते घरी ठेवले आणि नकाशा घेऊन पुण्याला बंदुकांच्या कारखान्याच्या साहेबाकडे गेला. साहेब म्हणाला, "पिस्तुलात करण्यासारखं आता काही राहिलेलं नाही. आणि स्वस्त पिस्तूल घेणारा माणूस असल्या गोष्टी मागत नाही."

घरी आल्यावर त्याने नमुने मागितले. भट्टीत टाकणार होता. शिवबाई म्हणाली, "मीच टाकले. तळ्यात." पुन्हा त्या घरात ती गोष्ट निघाली नाही. फाल्गुनात शिवबाई तापाने गेली. माती देऊन आठ महिने झाले होते.

मग तळ्यातली जीभ मैंदर्गीच्या माणसाच्या पिस्तुलात कशी आली?

माणसाचं नाव महिपती. काल दुपारी आला होता. खंडेनवमीला पिस्तूल पूजेत ठेवलं, रिवाजाप्रमाणे एक बार काढायला गेला, तर चाप ओढूनही काही होईना. मल्लिकार्जुनने विचारलं होतं, "आधी कुणाकडून उघडलं होतं?"

"न्हाय बा. कुणाकडून न्हाय," महिपती म्हणाला, आणि त्याचे डोळे घरात जाणाऱ्या आतल्या दाराकडे गेले. "वैनी हायेत का?"

"नाहीत."

परक्या माणसाला जास्त सांगायची मल्लिकार्जुनला इच्छा नव्हती. तेव्हा तो प्रश्न कानावरून गेला. आता तो परत आला. याला माझी बायको कशाला हवी?

त्याने भिंगातून वेढे पाहिले. ते उलटे होते, उजवीकडून डावीकडे. शिवबाई डावखुरी होती. तिच्या माहेरी सगळे तिच्या फण्या लांबून ओळखत. दोऱ्याला कुणाची सही लागत नव्हती.

भिंतीवर वडिलांच्या नावाखाली त्याच्या नावाचं लायसन टांगलेलं होतं. त्या लायसनवर शिवबाईचं नाव नव्हतं. तिने दुसऱ्याच्या हत्याराला हात लावला हे कळलं असतं, तर ते लायसन भिंतीवर राहिलं नसतं. हे तिला माहीत होतं. तरी तिने लावला. आणि खोटं बोलली. कुणासाठी?

त्याला चन्नप्पा आठवला.

चन्नप्पा शिवबाईचा धाकटा भाऊ. पुण्याहून साहेबाने परत पाठवलं त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तो आला होता. "दाजी, साहेब गेला खड्ड्यात. डोकं तुमचं, हात माझे. स्वस्तातली पिस्तुलं आपणच काढू." मल्लिकार्जुनने त्याला लायसनकडे बोट दाखवून घराबाहेर काढलं होतं. त्यानंतरही शिवबाई दर नागपंचमीला भावाकडे जायची. जाताना हातात पिशवी असायची. पिशवीत काय आहे, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि चन्नप्पाच्या कारखान्यात गेला. चन्नप्पा ओट्यावर बसून फणी बांधत होता.

"या दाजी. वाट चुकला काय?"

"तुझ्या अक्काने तुला माझे नमुने दिले होते?"

"कसले नमुने?"

"पिस्तुलाचे. जिभा."

चन्नप्पाने हातातलं काम थांबवलं. "दाजी, मी पिस्तुलं बांधली असती, तर अजून फण्या बांधत बसलो असतो काय? मोटारीतून तुमच्या दारावरून गेलो असतो. हॉर्न वाजवत."

"थट्टा नको. पिशवीत काय आणायची ती?"

"शेंगाची चटणी. आणि तुमची जुनी धोतरं, पुसायला." चन्नप्पाचा आवाज खाली आला. "ती गेली तेव्हा तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आज आलात ते हे विचारायला?"

मल्लिकार्जुन ओट्यावरच्या फणीकडे बघत होता. वेढे सरळ होते, डावीकडून उजवीकडे. पण त्यावरून काय ठरणार? दोरा तिने बांधला आणि पिस्तूल यानं आणलं, असंही असेल. तो उठला.

"अक्काला विचारायचं होतं की," चन्नप्पा मागून म्हणाला. "जिवंत होती तेव्हा."

दोन दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. शिवबाईची ट्रंक काढली. मेणाचा डबा होता, पाती होती, नमुने नव्हते. तिच्या एकेका गोष्टीकडे तो आता पोलिसासारखा बघत होता. ती दुपारी दुकानात का बसायची? गिऱ्हाईक आलं की चहा घेऊन स्वतः का यायची? अठ्ठावीस वर्षांचा संसार, आणि एवढ्याशा दोऱ्याने त्यात असा गुंता केला, की कुठे हात घालावा ते कळेना. ती गेल्याचं दुःख त्याला सोसत होतं. ती कोण होती हेच माहीत नसेल तर रडायचं कुणासाठी?

बुधवारी महिपती आला. आधी आतल्या दाराकडे बघितलं.

"झालं का वो काम?"

मल्लिकार्जुनने उघडलेलं पिस्तूल त्याच्यासमोर सरकवलं. "हा दोरा कुणी बांधला?"

"मला म्हाईत न्हाय."

"खोटं बोलू नका. तुमच्या पिस्तुलात बदल केलाय. मी हे ठाण्यात दाखवलं तर लायसन जाईल. तुमचं."

महिपतीने टोपी काढून मांडीवर ठेवली. "वैनीस्नी बोलवा. त्येंच्यासमोर बोलतो. सिद्धरामेश्वराची शपत हाय मला. त्येंनीच घातलीया."

"ती फाल्गुनात गेली."

महिपतीने टोपीची घडी सरळ केली. मग म्हणाला, "त्या दिशी म्हनाला न्हाईत तसं."

"नाही म्हणालो."

"मग सांगायला पाहिजे." त्याने घसा साफ केला. "तुमी पुन्याला गेलता. माज्या कमरंचं पिस्तूल बैलगाडीवर चढताना पडलं आन् सुटलं. बैलाच्या पायात गोळी. माजा नातू त्याच अंगाला उबा हुता. मी हितं आलो, म्हनलं हे घ्या, मला नगं. वैनी म्हनल्या, बसा. आन् आतनं ही जीब आनली. स्क्रूचं भोक जुळंना, तर दोऱ्यानं बांदली. दोन तास लागले."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"मी बी तेच इचारलं. म्हनल्या, सायबानं न्हाय म्हनलं तर ह्ये समदं मोडून टाकतील. एक तरी चालू राहू द्या. पडलं आन् सुटलं न्हाय, तर मला येऊन सांगा."

"पडलं?"

"व्हय की. औंदा संक्रांतीच्या आदी. बाजंवरनं फरशीवर. भरल्यालं हुतं. न्हाय सुटलं. गड्ड्याच्या जत्रंला आलो तवा वैनीस्नी सांगितलं. लई हसल्या."

संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेचा दिवस मल्लिकार्जुनला आठवला. त्या संध्याकाळी भाकरी वाढताना शिवबाईने विचारलं होतं, "तो नकाशा ठेवलाय का हो अजून?" आणि तो ताटातून मान वर न करता म्हणाला होता, "जेवू दे मला."



"आता ती जीब काढून टाका," महिपती म्हणाला. "ठाण्याची भानगड नगं. नुसतं वाजलं म्हंजे झालं."

"बसा," मल्लिकार्जुन म्हणाला.

जीभ चांगली होती. पाच वर्षांत दोरा तेवढा सैल पडला होता आणि जीभ तिरकी होऊन टोचणीला धरून बसली होती. त्याने मेणाचा डबा आणला. नवा दोरा घेतला. त्याचा हात सरळ वेढे घेऊ लागला. तीन वेढ्यांनंतर त्याने ते सोडले आणि दोरा डाव्या हातात घेतला. महिपतीचे दोन चहा झाले तरी तो बांधतच होता.

मग त्याने काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडात खडू भरला, ती पिस्तुलात घातली आणि पिस्तूल छातीच्या उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडलं. महिपती दचकून मागे सरकला. मल्लिकार्जुनने पुंगळी काढून पाहिली. खडूवर टोचणीचा ठसा नव्हता. पुन्हा सोडलं. नव्हता. तिसऱ्यांदा सोडलं. मग चाप ओढला, तेव्हा खडूवर बारीक खड्डा उमटला.

"न्या," तो म्हणाला. "आणखी कुणाच्या पिस्तुलात बसवलंय तिने?"

"ते काय मला म्हाईत न्हाय."

"नक्की?"

"आता कुनाची शपत घेऊ?"

महिपती गेल्यावर त्याने दुकान लवकर बंद केलं आणि चन्नप्पाकडे गेला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. चन्नप्पाने बसायला जागा करून दिली, एवढंच.

नमुने तीन होते. एक मैंदर्गीला आहे. तेव्हापासून दुकानात स्वस्तातलं पिस्तूल आलं, की मल्लिकार्जुन गिऱ्हाइकाची तक्रार नंतर ऐकतो. आधी मुठीवरची फळी काढतो आणि आत बघतो.