न जोडलेलं शुद्धिपत्र

चोवीस वर्षं मी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसलो आणि बहुतेक वेळा एकच शब्द लिहिला: सहमत. आमच्याकडे न्यायाधीशही लोकच निवडून देतात; त्याच शब्दावर तीन निवडणुका जिंकल्या. वकील पाठीमागे मला 'होयबा हॉइट' म्हणत. खोटं कशाला बोलू, बरोबरच म्हणत.

ड्रूसिलाच्या खटल्यातही तेच. मालकानं तिला नदीपलीकडच्या गुलामीच्या राज्यातून आणून, गुलामगिरीला बंदी असलेल्या आमच्या राज्यात दोन वर्षं राबवलं होतं. मी आता गुलाम नाही, असं तिचं म्हणणं. आम्ही तिघं न्यायाधीश. दोघांनी तिला परत पाठवलं, त्यातला एक मी. एकट्या रँडलनं विरोधात सात पानं लिहिली. निवडणूक तोंडावर होती, मी ती उघडूनही पाहिली नाहीत.

निकालांचं पुस्तक छापून आलं तोवर गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण युद्ध पेटलं होतं. रँडल वारला होता, तिसरा न्यायाधीश दक्षिणेत निघून गेला होता. छपाई बघणारा पेक धापा टाकत आला.

"साहेब, घोळ झालाय! नावांची अदलाबदल झाली. रँडलसाहेबांचा विरोध तुमच्या नावावर पडलाय. शुद्धिपत्र छापून घेतो लगेच."

"पुस्तकं गेली ना गावोगाव? मग राहू दे आता," मी म्हणालो.

वारं फिरलं होतं, हे मला कळत होतं. त्या सात पानांनीच मला पुढे सरन्यायाधीश केलं.

काल निरोपसमारंभात वकिलांनी तीच पानं उगाळली. मी शरमेनं मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. मग मागच्या बाकावरून एक बाई पुढे आली. ड्रूसिलाची मुलगी, लॅव्हिनिया. आता शाळेत शिकवते.

"जजसाहेब, युद्ध संपल्यावर आई सुटून आली, पण पार खचलेली. मी तिला तुमची पानं वाचून दाखवायची. शेवटचं वाक्य तर ती रोज म्हणायला लावायची. आज ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मला त्यातला एक शब्द येईना. 'ते माझं नाही' एवढं म्हणायचं होतं, तेही जमलं नाही.

"असू द्या हो, वय झालं," ती हळूच म्हणाली. माझे दोन्ही हात तिनं हातात घेतले आणि वाक्य स्वतःच म्हटलं, "'या बाईला परत पाठवणारे हात कायद्याचे नाहीत, भित्र्यांचे आहेत.' हेच ना, साहेब?"

"सहमत," मी म्हणालो.