साधा खिळा

बाबांनी दोऱ्याला बांधलेला खिळा ओढ्यात सोडला आणि घड्याळ पाहिलं.

"अर्धा तास."

मुलगी गुडघाभर पाण्यात उभी राहून बाटली भरत होती. "बाबा, नमुने प्रयोगशाळेत जाणार आहेत. खिळा कशाला?"

"तुझी प्रयोगशाळा वेगळी, माझी वेगळी."

टेकाडामागे तांब्याची बंद पडलेली खाण होती. तिथे बाबांनी एकतीस वर्षं सुरुंग लावले. अख्खा डोंगर खाली आणला, हे ते माळा आवरल्यासारखं सांगत. खाणीतून झिरपणारं पाणी या ओढ्यात यायचं आणि त्यात टाकलेला खिळा तांब्याचा होऊन निघायचा. मुलगी सहा वर्षांची असताना त्यांनी तिला ही जादू दाखवली होती. तो लाल खिळा अजून शोकेसमध्ये होता. तो पाहिल्याशिवाय एकही पाहुणा सुटला नव्हता. ओढ्यात मासा नव्हता, बेडूक नव्हता. पण जादू म्हटली की एवढं चालायचंच, असं बाबांचं मत.

तीच मुलगी शिकून आली आणि जादूला 'नुकसान' म्हणू लागली. पाच वर्षं तिने पाणी मोजलं, त्याच्या वाटेत चुनखडी भरली, खाणीचे ढिगारे मातीने झाकून त्यांवर गवत रुजवलं. "आम्ही डोंगर हलवला, ही गवत लावते," बाबा चारचौघांत म्हणत. आज तपासणी अधिकारी येणार होते. त्यांनी मान डोलावली तर पुढचं काम. नाहीतर पाच वर्षं अक्षरशः पाण्यात.

अर्ध्या तासाने बाबांनी दोरा ओढला. खिळा शर्टाला पुसला, चष्मा कपाळावर चढवून न्याहाळला, नखाने खरवडला.

"घड्याळ पुढे असेल," ते पुटपुटले आणि खिळा पुन्हा सोडला.

दुसऱ्यांदा तो बाहेर आला तेव्हा अधिकारी फाइल सावरत उतार उतरत होते.

"काय मॅडम, आकडे काय म्हणतात?"

मुलीने तोंड उघडायच्या आत बाबा मध्ये आले.

"आकडे नंतर, साहेब. आधी हे बघा."

अधिकाऱ्यांनी खिळा उलटसुलट करून पाहिला. "हा तर साधा खिळा आहे."

"तेच तर! तासभर होता पाण्यात. आमच्या पोरीचं काम आहे हे."

साहेब दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. बाबांनी हात पुढे केला.

"परत द्या तेवढा. शोकेसमध्ये ठेवायचाय."

मुलीने खाली वाकून बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.