चाकावरची काळी पूड

रविवारी सकाळी चहाच्या आधी आमच्याकडे निकाल लागायचा. बायको खाली पार्किंगमध्ये यायची, माझ्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकायची, चंदेरी रिमवरून बोट फिरवायची आणि ते बोट माझ्या नाकासमोर धरायची. बोट काळं. मी नापास. मग ती वर जाऊन एकच कप चहा टाकायची.

ती शाळेची मुख्याध्यापिका आहे, तेव्हा निकाल लावायची तिला सवय आहे. मी दातांचा डॉक्टर होतो. आयुष्यभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावलो आणि दवाखाना बंद केला त्याच महिन्यात दोन सीटची, छप्पर उघडणारी जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली. ‘या वयात?’ असं झाडून सगळ्यांनी विचारलं. मग कुठल्या वयात? तरुणपणी ऐपत नव्हती आणि मधल्या काळात सवड नव्हती.

बायकोने मात्र तेव्हा नाक मुरडलं नाही, हे सांगायलाच हवं. शाळा सुटली की ती शेजारी येऊन बसायची, चपला काढून पाय मोकळे करायची आणि बोलायला लागायची. कुठल्या पालकाने काय अकलेचे तारे तोडले, कुठल्या शिक्षिकेचं लग्न ठरलं, स्टाफरूमचा पंखा पुन्हा कसा बंद पडला. घरात शिरली की ती दमलेली असते, पेपरांच्या गठ्ठ्यात डोकं घालते आणि हूं का चूं करत नाही. गाडीत तिला कंठ फुटायचा. मला ते फार आवडायचं.

मग मेहुण्याने घोळ घातला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. विमा विकतो, त्यामुळे त्याला जिथे तिथे अपघातच दिसतो. हौसेने त्याला एकदा डोंगराच्या रस्त्यावर फिरवायला नेलं. एका वळणावर ब्रेक जरा उशिरा मारला, हे मला मान्य आहे. गाडी अशी झोकात वळली की मी स्वतःवरच खूश झालो. शेजारी बघतो तर पठ्ठ्याच्या तोंडचं पाणी पळालेलं. घरी येऊन तो सोफ्यावर आडवा झाला आणि बहिणीला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं.

“गाडी हळू चालवायची, नाही तर विकायची,” बायको म्हणाली. “आणि माझी खात्री पटेपर्यंत मी त्यात पाय ठेवणार नाही.”

“खात्री कशी पटणार तुझी? तू दिवसभर शाळेत.”

“सोप्पं आहे, ताई,” सोफ्यावरून आवाज आला. “पुढच्या चाकांवर काळी पूड दिसली की समजायचं, भावजींनी करकचून ब्रेक मारलेत. ब्रेकचे पॅड घासले जातात ना, त्याची पूड असते ती.”

तेव्हापासून बोटाची परीक्षा सुरू झाली.

मी कानाला खडा लावला होता, शपथेवर सांगतो. इतक्या हळू चालवायचो की सायकलवाले पुढे जाताना वळून बघायचे, गाडीत काही बिघाड आहे का म्हणून. तरी रविवारी बोट काळंच. “अगं, धूळ पडतेच,” मी म्हणालो. “नववीतली मुलंही असंच म्हणतात,” ती म्हणाली. एकदा शनिवारी संध्याकाळी मी चाकं घासूनपुसून लख्ख केली, तर पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक आरोप. महिन्याभरात बोट स्वच्छ निघालं नाही, तर गाडी विकायची असं ठरलं. तिने ठरवलं. गाडीचं वाईट वाटतच होतं, पण त्याहून जास्त त्या रिकाम्या सीटचं वाटत होतं. शाळेत काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता.

शेवटी गॅरेज गाठलं. तिथला मिस्त्री म्हणजे शांत माणूस, बोलताना हातातल्या फडक्याच्या घड्या घालत बसतो. त्याने चाकाकडे बघितलं आणि हसला.

“डॉक्टर, या गाडीचे कंपनीचे पॅड असेच आहेत. पकड एकदम जबरदस्त, पण पूड सांडणार. तुम्ही मुंगीच्या पावलाने चालवा, तरी सांडणार. दुसऱ्या कंपनीचे कमी धुळीचे मिळतात. ते घालू?”

“त्यात तोटा काय?”

“गाडी थंड असताना पहिल्या एक-दोन ब्रेकला पकड थोडी मऊ लागेल. तुमच्या चालवण्याला पुष्कळ आहेत.”

माझ्या चालवण्यावर विश्वास ठेवणारा जगात एक माणूस निघाला म्हणून मला भरून आलं. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक उतरवलं, पिना ओढून जुने पॅड बाहेर काढले. चांगले जाडजूड होते, निम्म्याहून अधिक माल शिल्लक. धडधाकट दाढ काढायला आलेल्या पेशंटकडे मी ज्या नजरेने बघायचो, त्याच नजरेने तो माझ्याकडे बघत होता. नवे पॅड बसले. मग तो म्हणाला, “आता मोकळ्या रस्त्यावर जा. वेग घ्या, जोरात ब्रेक दाबा, पूर्ण थांबायच्या आत सोडा. असं सात-आठ वेळा करा. त्याशिवाय नवे पॅड डिस्कवर नीट बसत नाहीत.”

म्हणजे आमच्या घरात ज्याला बंदी, तेच मी भरदुपारी डॉक्टरी सल्ल्यासारखं मन लावून करून आलो. मिस्त्रीने चाकं धुऊन दिली.

रविवारी बायकोने बोट फिरवलं. बघितलं. चष्मा वर करून पुन्हा बघितलं. मग दुसऱ्या चाकावर फिरवलं. मी श्वास रोखून उभा.

“हं,” ती म्हणाली आणि वर जाऊन दोन कप चहा टाकला. सोमवारी शाळा सुटायच्या वेळी तिचा फोन आला, “येता का न्यायला?”

पुढचे आठवडे काय सांगू! महिन्याभराचं साठलेलं ती एका दमात सांगायची. पंखा अजून बंदच होता. शिक्षिकेचं लग्न मोडून पुन्हा ठरलं होतं. मी ऐकत गाडी चालवायचो आणि रोज ठरवायचो, आज पॅडचं सांगून टाकू. मग ती काहीतरी सांगून खळखळून हसायची आणि माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

मी नाही सांगितलं, मेहुण्याने सांगितलं. एका रविवारी तो आला, गाडीभोवती शहाण्यासारखी प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “वा भावजी, कमी धुळीचे पॅड टाकलेत वाटतं! यांची पूड दिसतच नाही, कसेही ब्रेक मारा.”

बायकोने चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. तिने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

“खरं आहे?”

“पॅड बदलले, हे खरं आहे. पण मी आधीही हळूच...”

“पुरावा नष्ट करणं मी समजू शकते,” ती म्हणाली. “पण पुरावा तयारच होऊ नये म्हणून खटपट करणारा मुलगा माझ्या शाळेतसुद्धा झाला नाही.”

मेहुण्याला एकदम काम आठवलं आणि तो गेला. ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग जे बोलली ते मला अपेक्षित नव्हतं.

“तुम्हाला वाटतं मला तुमची मजा बघवत नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होऊन घरी बसणार. कुणासाठी? शाळेचा फोन वाजला आणि अनोळखी नंबर असला की माझा हात गार पडतो. वाटतं, झालं. मला एकटीला नाही राहायचं, कळलं? त्या पुडीचं मला काही पडलेलं नाही.”

कळलं, म्हणालो. खरं तर तेव्हा ते नुसतं कानापर्यंत पोचलं होतं. माझ्या डोक्यात आपलं हेच, की मी निर्दोष असून फाशी जातोय.

“एक कर,” मी म्हणालो. “मी जुने पॅड परत बसवून, चाकं धुऊन आणतो. आठवडाभर गाडी तू चालव. शाळेत ने, आण. रविवारी बोट फिरव. स्वच्छ निघालं तर गाडी विकू, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही.”

ती कुणालाही संधी दिल्याशिवाय शाळेतून काढत नाही. मला तरी कशी नाही म्हणेल?

आठवडाभर बायको गाडी घेऊन शाळेत गेली. तिचं चालवणं सर्वांना माहीत आहे. चौकात सिग्नल हिरवा असला तरी ती आधी त्याचा हेतू तपासते. मी आपला घरात भांडी पुसत बसलो. रविवारी मेहुण्याला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तिने बोट फिरवलं.

काळंकुळकुळीत!

“ताई,” मेहुणा हादरून म्हणाला, “तू पण?”

“गप रे,” ती म्हणाली. बोट रुमालाला पुसून माझ्याकडे वळली. “माझं चुकलं. धूळ पडतेच.” भावाच्या समोर म्हणाली, हे विशेष. मी पाठ थोपटून घ्यायला मोकळा होतो, पण का कोण जाणे, तेवढी मजा आली नाही.

चहा झाल्यावर ती म्हणाली, “चला, त्या डोंगराच्या रस्त्याने जाऊन येऊ. मीच चालवते.”

छप्पर उघडून निघालो. गावाबाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. चढ लागला तशी बाई सैलावली. आठवड्यात तिचा हात चांगलाच बसला होता, आणि कंपनीच्या पॅडची पकड अशी की ब्रेकला नुसता पाय लावला तरी गाडी ऐकते. पहिलं वळण तिने छान घेतलं. दुसरंही. तिसऱ्याच्या आधी तिने माझ्याकडे बघून काहीतरी सांगायला सुरुवात केली आणि गाडीचा वेग तसाच. वळण जवळ आलं. कठडा जवळ आला. तिने ब्रेक मारला, गाडी झोकात वळली, काहीही झालं नाही. पण त्या क्षणभरात मी तिच्याकडे बघत होतो. केस उडत होते, चष्मा नाकावर घसरला होता, आणि माझ्या मनात एकच आलं. ही गेली तर?

“हळू!” मी ओरडलो. आवाज माझा वाटलाच नाही.

तिने गाडी बाजूला घेतली, रस्ता रुंद होता तिथे. इंजिन बंद केलं. गाल लाल झाले होते तिचे.

“काय मजा आली हो,” म्हणाली, आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं. “अहो? काय झालं?”

“घाबरलो.”

“गाडी आपटेल म्हणून?”

“तुला काही होईल म्हणून.”

मला वाटलं आता ऐकवणार, हक्कच होता तिचा. पण तिने माझा हात हातात घेतला. तो गार पडला होता, ते तिलाही कळलं.

“मिस्त्रीकडे जा उद्या,” ती म्हणाली. “ते कमी धुळीचेच घाला परत. चाकं स्वच्छ बरी दिसतात.”

“मग मी कसा चालवतो ते तुला कळणार कसं?”

“मी शेजारी असेन की.”

“आणि तू चालवशील तेव्हा?”

“तेव्हा तुम्ही असाल,” ती म्हणाली आणि किल्ली फिरवली. मी दाराचं हँडल घट्ट धरून ठेवलं, पण उतरलो नाही.