गैरहजर लंगडीची लेव्हल

चष्मेवाल्याच्या टेबलावर लेव्हल मिळवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. शनिवारी त्याचं चष्म्यांचं दुकान बंद झालं की आतल्या खोलीत मंडळी जमायची. चष्मेवाला गोष्ट चालवायचा. बाकीचे आपापलं एकेक पात्र घेऊन तिच्यात शिरायचे, फासे टाकायचे, राक्षसांशी झुंजायचे. पराक्रम पुरेसा साठला की पात्र एक लेव्हल वर. पुरेसा म्हणजे किती, ते चष्मेवाला ठरवणार, आणि त्या बाबतीत गड्याचा हात भलताच आखडता. "पटापट वाटली की किंमत राहत नाही," असं तो म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. लेव्हल मिळाली की मंडळीतला बेकरीवाला आठवडाभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. आणखी एक नियम होता: जो हजर, त्याचीच वाढणार.

चष्मेवाल्याच्या थोरल्या बहिणीचं पात्र म्हणजे एक तिरंदाज. नाव लंगडी. ती पहिल्या दिवसापासून खेळात होती, पण बाकीचे आठव्या लेव्हलला पोचले तरी ती तिसरीवरच. ताई यायचीच नाही ना! ती नसली की चष्मेवाला जाहीर करायचा, "लंगडी मुक्कामावर झोपलीय," आणि गोष्ट पुढे हाकायचा.

ताई का यायची नाही, हे गुपित नव्हतं. आजारी वडिलांना सांभाळणाऱ्या बाईंची शनिवारी सुट्टी. बहीणभावांनी आलटूनपालटून बसायचं ठरलं होतं. पण चष्मेवाला नसला तर खेळच होणार नाही! मग "एवढा शनिवार तू बघ ना, ताई," असं करता करता सगळेच शनिवार तिच्या गळ्यात पडले. माणूस वाईट नव्हता हो. कुणी एकदा हो म्हटलं की ते कायमचंच, असं त्याला वाटायचं, इतकंच.

त्या शनिवारी शेजारीण वडिलांपाशी बसायला तयार झाली, म्हणून ताई आली. नेमका त्याच दिवशी बेकरीवाल्यानं आपला मेहुणा आणला. नव्या भिडूला बरोबरीनं खेळता यावं म्हणून त्याला थेट आठवी लेव्हल मिळाली.

"घ्या! आयत्या बिळावर नागोबा," ताई म्हणाली. मेहुणा हसला. बिचाऱ्याचा काय दोष.

लढाई जुंपली. समोर दगडी राक्षस, आठव्या लेव्हलवाल्यांच्या बेताचा; लंगडीला एक फटका बसला तरी तिचं पीठ होणार. चष्मेवाला पुठ्ठ्याच्या आडोशामागे फासे टाकून सांगायचा, "बेकरीवाल्याला लागला." पुन्हा टाकायचा, "मेहुण्याला लागला." लंगडी राक्षसाच्या पायाशी उभी राहून बाण मारत होती, तरी तिच्याकडे तो ढुंकून बघेना.

ताईनं आडोसा उचलून खाली ठेवला.

"काय गं हे?"

"मला भीक नको. मी राक्षसाच्या पायाशी उभी आहे. मला मार, नाहीतर मी इथे नाहीच असं सांगून टाक."

"मरेल गं ती!"

"टाक फासे."

त्यानं टाकले, सगळ्यांदेखत. लंगडी मेली.

"अहो, बरंच झालं की!" मेहुणा म्हणाला. "आता नवीन पात्र घ्या, म्हणजे तुम्हीही आठव्या!"

नियमानं अगदी बरोबर होतं. बेकरीवाल्यानं कोरा कागद पुढे केला. ताईनं चपला घातल्या.

"पुढच्या शनिवारी बाबांकडे तू बस," ती भावाला म्हणाली. "खेळायला मी आता येणार नाही."

चष्मेवाल्याला लाज कमी आणि राग जास्त आला. कागदावरच्या बाईसाठी एवढं? पण ताई बोलते तसं करते, हे तो लहानपणापासून जाणून होता. त्यानं पुढच्या शनिवारचा खेळ रद्द केला.

शनिवारी तो वडिलांकडे गेला. औषधं दिली, उशी सारखी केली.

"ती कुठाय?" वडिलांनी विचारलं.

"आज मी आहे, बाबा."

"तू काय कामाचा? लंगडीचं पुढे काय झालं ते कोण सांगणार?"

"कुठली लंगडी?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"अरे, कुठली काय! ती सांगते, मी फासे टाकतो. मागच्या वेळी शेजारीण बसली होती, तिला काही येत नाही. त्याच्या आधी लंगडीनं खाणीतली माणसं काढली. आणि पूल राखला तेव्हा तर मी फासे असे टाकले, असे टाकले..." म्हाताऱ्यानं मूठ चादरीवर उघडून दाखवली. "मग? खाणीतून ती बाहेर पडली का?"

चष्मेवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो व्हरांड्यात गेला आणि त्यानं बहिणीला फोन लावला.

"ताई, चुकलो गं. लंगडी मेली नाही. ते फासे मी परत घेतो. फक्त ती आता कितव्या लेव्हलला आहे, तेवढं सांग."

"मला काय विचारतोस? जे हजर होते त्यांना विचार," ताई म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

तो आत आला, खुर्ची पलंगाजवळ ओढून बसला.

"बाबा, लंगडीची गोष्ट तुम्हीच सांगा. पहिल्यापासून."

वडिलांनी त्याच्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

"पहिल्यापासून?" ते म्हणाले. "तुला वेळ आहे का एवढा?"