जी आणि आय यांच्या मधला रकाना

मित्रांनो, माझे नाव एच. संगणकातल्या एका जुन्या तक्त्यातला मी आठवा रकाना आहे. तुम्ही तो तक्ता उघडला असता तरी मी तुम्हाला दिसलो नसतो. वरची अक्षरे वाचत गेलात तर ए, बी, सी करत जीपर्यंत सगळे शहाण्यासारखे ओळीत उभे असत आणि जीच्या पुढे एकदम आय. त्या दोघांच्या मध्ये एक जराशी जाड रेघ होती. त्या रेघेत मी चार वर्षे काढली.

मला घडवले पाक मार्दियो यांनी. मोठ्या माणसाला आम्ही मानाने पाक म्हणतो. केलुद या ज्वालामुखी डोंगराच्या पायथ्याशी आमचे गाव आहे आणि तिथल्या ग्रामकचेरीत ते कारकून होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांची यादी ठेवायची, महिन्यातून एकदा त्यांना तपासणीला बोलवायचे, हे त्यांचे काम. नाव, घर, औषध, रक्तदाब असे रकाने त्यांनी आधीच केले होते. जन्मतारखेचा रकाना डी होता आणि तो पाहिला की पाक मार्दियो कपाळावर हात मारत. एकसष्टपैकी एकतीस म्हाताऱ्यांची जन्मतारीख एकच होती, एक जुलै. ओळखपत्रे निघाली तेव्हा कुणालाच तारीख सांगता येईना, म्हणून साहेबाने सगळ्यांना एक जुलै चिकटवून दिली होती.

तारीख कुणाला ठाऊक नव्हती, पण आपला वार सगळ्यांना ठाऊक होता. आमच्याकडे सात दिवसांच्या आठवड्याबरोबर पाच दिवसांचा बाजाराचा आठवडाही चालतो: लगी, पाइंग, पोन, वागे आणि क्लिवोन. माणूस जन्मतो त्या दिवशीची दोन्ही नावे मिळून त्याचा दिवस होतो आणि तो दर पस्तीस दिवसांनी फिरून येतो. त्या दिवशी घरात लाल-पांढरी गोड पेज शिजवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. पाक मार्दियोंनी घरोघर जाऊन हे दिवस विचारले आणि ते लिहायला मला घातले. मी चांगला ऐसपैस होतो, कारण ते नुसता दिवस लिहून थांबत नसत. एका चौकोनात लिहिले होते, 'मंगळवार पोन. डोंगराची राख पडली ते वर्ष. पेजेत गूळ जास्त घालतात, सावध राहणे.'

हा चौकोन म्बाह कार्सिना यांचा. म्बाह म्हणजे आजी. त्या बांबूच्या बनापलीकडे एकट्या राहत. दोन मुलगे, दोघेही समुद्रापलीकडे दुसऱ्या बेटावर कामाला.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. रोज सकाळी पाक मार्दियो सगळ्यांत आधी मला पाहत. "आज कुणाकडे पेज?" असे स्वतःशीच म्हणत आणि सायकल काढत. जाताना रक्तदाबाचे यंत्र पिशवीत टाकत. पेज खायची आणि तेवढ्यात दंडाला पट्टा बांधून घ्यायचा, अशी त्यांची युक्ती होती. तपासणीला न येणारे म्हातारेही आपल्या दिवशी दार उघडे ठेवून बसत.

मग पाक मार्दियो निवृत्त झाले आणि दुसऱ्याच वर्षी वारले. त्यांच्या खुर्चीवर रेत्नो आली. मुलगी हुशार आणि कामाला वाघ. ग्रामसचिवांना सगळे पाक चारिक म्हणतात. त्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात फैलावर घेतले.

"रेत्नो, ही यादी आहे की चटई? तीन कागद जोडून वाचायची का वरच्या साहेबांनी? मला एका पानात पाहिजे."

रेत्नोने तक्ता पाहिला. सगळ्यांत रुंद मी. तिने एक मॅक्रो केला. मॅक्रो म्हणजे संगणकाला एकदा शिकवून ठेवलेले काम. बटण दाबले की तो ते काम जसेच्या तसे करतो. तिने त्याला शिकवले, 'एच लपव आणि पान छाप.' पुढे रोज बटण दाबायचा कंटाळा आला, तेव्हा फाईल उघडताच त्याने आपणहून मला लपवावे अशी सोय तिने केली. लपवण्याची सोय केली, पण दाखवण्याची करायला ती विसरली. काही महिन्यांनी ती मलाही विसरली.

त्या मॅक्रोवर माझा राग नाही. तो बिचारा सांगकाम्या. पण रोज सकाळी फाईल उघडे, क्षणभर मला उजेड दिसे, रेत्नोचा चहाचा पेला दिसे, आणि तेवढ्यात तो येऊन मला रेघेत दाबून टाके. त्या क्षणात रेत्नोची नजर कधी माझ्याकडे वळली नाही. शेजारी जी आणि आय होते. त्यांच्यात रोज आकडे भरले जात, त्यांचे रंग बदलत, त्यांच्याविषयी बोलणे होई. मी मात्र एकसष्ट माणसांचे दिवस पोटात घेऊन गप्प होतो. पस्तीस दिवस होत, पुन्हा पस्तीस होत. आज अमक्याचा दिवस, आज तमकीचा, असे मी मनात म्हणत राही. माणसे वारली की त्यांची ओळ खोडली जाई आणि माझा एकेक चौकोन तिच्याबरोबर जाई. नवी माणसे यादीत आली की त्यांच्या ओळीत मी रिकामाच राही. मला फार एकटे वाटे, मित्रांनो. वाटे की आता माझ्यात कुणी काही लिहिणार नाही.

एका जूनमध्ये वरून फर्मान आले की वृद्धांचे वाढदिवस साजरे करून फोटो पाठवावेत. रेत्नोने यादी पाहिली आणि ती ओरडलीच, "पाक चारिक, एक जुलैला सव्वीस वाढदिवस!"

"मग बरंच झालं की. एकाच दिवसात आटपेल. एक मोठा केक आण आणि सव्वीस तुकडे कर."

एक जुलैला मंगळवार होता. रेत्नो लॅपटॉप पिशवीत घालून आणि केकचा डबा हँडलला अडकवून घरोघर फिरली. म्हातारे फोटोसाठी उभे राहिले, केक खाल्ला, आणि "पण आज काय आहे?" असे एकमेकांना विचारत राहिले. शेवटचे घर म्बाह कार्सिना यांचे. वर्षभर त्या एकदाही तपासणीला आल्या नव्हत्या. पुढच्या यादीतून त्यांचे नाव गाळायचे, असे पाक चारिक यांनी ठरवले होते.

रेत्नोने अंगणातल्या बाकड्यावर लॅपटॉप उघडला. आतून गुळाचा वास आला. चटईवर पेजेच्या दोन वाट्या झाकून ठेवल्या होत्या.

"म्बाह, वाढदिवसाच्या शुभेच्छा!"

म्बाह कार्सिना लगबगीने उठल्या. "म्हणजे आजच आहे का गं माझा दिवस? लागला एकदाचा! बस, बस. ही वाटी तुझीच."

"हो म्बाह. कार्डावर आहे ना, एक जुलै."

"कार्डाचं जाऊ दे. आज बाजाराचा दिवस कुठला?"

रेत्नोने फोनमध्ये पाहिले. "वागे."

म्हातारी पुन्हा खाली बसली. "वागे आमच्या म्हाताऱ्याचा होता. 'वागेवाले हट्टी' म्हणून मी त्याला चिडवायची. नाही पोरी, आज माझा दिवस नाही."

"मग तुमचा कुठला?"

"मंगळवार एवढं आठवतं. पुढचं गेलं डोक्यातून. मार्दियो यायचा तेव्हा कळायचं. तो आला की माझा दिवस. आता दर मंगळवारी दोन वाट्या करते. पाचातला एखादा तरी लागेल."

"आणि तपासणीला का येत नाही?"

"तिथं कोण ओळखतं मला? एवढ्या एक जुलैवाल्यांतली एक!" त्या हसल्या, पण पदराने डोळे पुसले. "मार्दियोने लिहून घेतलं होतं गं. कॉम्प्युटरात घातलंय म्हणाला होता, हरवायचं नाही म्हणाला."

मित्रांनो, मी तिथेच होतो. बाकड्यावर, त्यांच्यापासून दोन हातांवर. मंगळवार पोन, मंगळवार पोन! माझ्यात ते स्वच्छ लिहिलेले होते आणि मला ओरडता येत नव्हते. माझ्या सगळ्या आयुष्यात तेवढे दुःख मला कधी झाले नाही.

रेत्नोने कचेरीत येऊन जुन्या वह्या काढल्या. वाळवीने त्यांचा भुगा केला होता. पाक चारिक म्हणाले, "एका म्हातारीच्या पेजेसाठी कचेरी उकरायला लागलीस? शुक्रवारी नवी यादी जायला हवी. वर्षभर न आलेली नावं काढ. लपवलेलं काही असेल तेही कायमचं उडव. वरचे लोक कटकट करतात."

गुरुवारी दुपारी रेत्नो तक्ता साफ करायला बसली. तिने वरच्या अक्षरांवरून बोट फिरवले. जी. आय. बोट थांबले. ती मागे आली. जी. आय.

"हे काय? एच कुठे गेला?"

मला उडवायला तिला दोन क्षण पुरले असते. पण न बघता टाकायचे तिच्या जिवावर आले. तिने जी आणि आय दोघांना धरले आणि मधली रेघ उघडली. चार वर्षांनी उजेड माझ्या अंगभर पसरला. रेत्नो वाचू लागली. एका म्हाताऱ्याच्या चौकोनात 'दारात कुत्रा आहे, हाक मारून जाणे' वाचून ती हसली. मग कार्सिना यांच्या ओळीवर आली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"मीच लपवलं होतं," ती म्हणाली. "पाक चारिक, हे मीच लपवलं होतं हो!"

"मग?"

"मग काय? यादी तीन पानांची जाईल. कार्सिनांचं नाव राहील. साहेब ओरडले तर माझं नाव सांगा."

पाक चारिक जवळ आले. चष्मा वर सरकवून त्यांनीही वाचले. मग आपल्या आईच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ही ओळ जरा मोठी कर बघू." त्यांच्या आईचे नाव त्या वर्षीच यादीत चढले होते. तिच्या ओळीत मी रिकामा होतो.

रेत्नोने त्याच दुपारी मॅक्रोतून माझे अक्षर काढून टाकले.

पंधरा जुलैला मंगळवार पोन आला. रेत्नो रक्तदाबाचे यंत्र आणि लॅपटॉप घेऊन बांबूच्या बनापलीकडे गेली. अंगणातून तिने हाक दिली, "म्बाह, आज पोन! आज तुमचा दिवस!"

म्हातारी बाहेर आली ती थेट रेत्नोच्या गळ्यात पडली. दोघींनी पेज खाल्ली. गूळ खरोखरच जास्त होता. मग म्बाह म्हणाल्या, "दाखव, मार्दियोने कुठे घातलंय मला." त्यांना वाचता येत नव्हते. रेत्नोने चौकोन दाखवला, तेव्हा त्यांनी चिकट बोट पडद्यावर टेकवले.

"इथे आहे का मी?"

"हो म्बाह, इथे."

मित्रांनो, माझे अजून अर्धे चौकोन रिकामे आहेत आणि जे पुसले गेले त्यांच्याकडे चार वर्षे कुणी गेले नाही, हे मला रोज आठवते. म्हणून एवढेच मागतो. पानावर मावत नाही म्हणून कुणाला बाजूला सारायचे झाले, तर त्याला परत आणायची वाट आधी करून ठेवा. आणि ओळीतले एखादे अक्षर गाळलेले दिसले, तर पुढे जाऊ नका, मागे येऊन पाहा.

म्बाह कार्सिनांच्या बोटाचा गुळाचा डाग पडद्यावर अजून आहे. रेत्नो तो पुसत नाही. तक्ता वरखाली सरकला की तो दुसऱ्या कुणावर जातो. पण सकाळी फाईल उघडते तेव्हा तो माझ्यावर असतो.