एकविसाव्या रोज्याची कजा

आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत कोणता रोजा कधी ठेवायचा हे बायका मौलानांना नाय विचारत, मला विचारतात. मोहरमचे दोन, ईदनंतर शव्वालचे सहा, बकरी ईदच्या आदल्या दिवसाचा, शब-ए-बरातचा, सगळे मला तोंडपाठ. बकरी ईदला आणि पुढं तीन दिवस ठेवायचा नाय, हे दरवर्षी ओरडून सांगावं लागतं, कारण आमच्याकडं अतिशहाण्या लई. रमजानात बाईचे काही रोजे सुटतातच. ते नंतर भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. ती मी सगळ्यांना थंडीत काढायला लावते. दिवस लहान, तहान कमी. शेजारच्या वच्छलाबाई म्हणतात, "शकीलाभाभी, आमची एकादशी बरी बाई, साबुदाणा तरी पोटात जातो." मी म्हणते, "उपवास कसला, मेजवानी आहे ती!" त्या हसतात आणि पुढच्या एकादशीला मलाच वाटीभर खिचडी आणून देतात.

आमच्या घरातला हिशोब स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतो. माझा रोजा झाला की त्या तारखेवर हळदीचं बोट, सून निलोफरचा झाला की काजळाचं. सुटला तर चौकट कोरी. कजा काढली की मागं जाऊन त्या चौकटीत बोट लावायचं. नवं कॅलेंडर आलं की जुनं उतरवून टाकते. पण दोन वर्षांमागचं मी उतरवलं नाय, त्याच्यावरच नवं टांगलं. त्यात एकविसाव्या रोज्याची चौकट कोरी होती. दोघींची.

त्या दिवशी माझा लेक, निलोफरचा नवरा साकिब गेला. टेम्पो घेऊन घरी येत होता, पडेगावजवळ ट्रकनं ठोकलं. भर दुपारी खबर आली. मी खाली पडले, माझ्यावर निलोफर पडली, आणि गल्लीतल्या बायकांनी आमच्या तोंडात पाणी घातलं. तो रोजा असा तुटला.

बाकीचे आम्ही सगळे भरून काढले. हा तेवढा राहिला. कजाची नियत करावी लागते, मनात म्हणावं लागतं की अमक्या दिवसाचा रोजा ठेवते. त्या दिवसाचं नाव मनात आणायचं म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आम्ही वार ठरवायचो, आणि नेमकं तिचं डोकं दुखायचं नाहीतर माझे गुडघे. दुखणं खोटं आहे हे दोघींना माहीत होतं.

निलोफरला आई-बाप नाहीत, मामानं वाढवली. इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर घरात बसायचे चार महिने दहा दिवस, संपली तरी मामा न्यायला आला नाय. न येईना! माझीच लेक ती. पण पंचविशीतली पोर, सासू-सासऱ्यांचा खोकला ऐकत म्हातारी व्हायची का? मीच स्थळं बघायला लागले. जालन्याची मंडळी आली होती. बोलता बोलता साकिबचं नाव निघालं आणि ही ढसाढसा रडली. त्यांनी चहा संपवला आणि दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, पोरीचं मन अजून पहिल्याच घरात आहे. मग लासूर स्टेशनचं जुळलं. माणूस भला, मोंढ्यात धान्याची आडत आहे, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. रजब महिन्याचा चांद दिसला की निकाह करायचा, असं बोलणं झालं.

एक दिवस भाकरी थापता थापता निलोफर म्हणाली, "अम्मी, तो रोजा इथंच व्हायला पाहिजे. तुमच्यासोबत. तिथं परक्या घरात तो दिवस मी मनात कशी आणू?"

तव्यावरची भाकर करपली. "येत्या गुरुवारी ठेवू," मी म्हणाले.

"पण लासूरवाल्यांना कळू देऊ नका. तेही जालन्यावाल्यांसारखंच म्हणतील."

गुरुवारी पहाटे सहरीला दोघी समोरासमोर बसलो. दूध-पोळी खाल्ली. नियत करताना आम्ही एकमेकींकडं पाहिलं नाय. माझे मालक मुबारकमियाँ, एरवी पाण्याचा पेला उचलून ठेवत नाहीत, त्यांनी सकाळीच आम्हा दोघींसाठी खजूर काढून ताटलीत झाकून ठेवले.

दुपारी दारात जीप थांबली. लासूरची मंडळी! शुक्रवारी यायची होती, पण मोंढा बंद होता म्हणून एक दिवस आधीच आली. होणारी सासू मुमताजबी, तिच्या दोन जावा आणि पेढ्यांचा मोठा डबा. आमच्यात म्हणतात, पेढा परत गेला की रिश्ता परत गेला. आणि रोजा आहे म्हणावं तर कसला, ते सांगावं लागणार.

मुमताजबीनं बसल्या बसल्या डबा उघडला. "ये बेटी, बिस्मिल्ला कर. तोंड गोड होऊ दे, मग तारखेचं बोलू."

पेढा निलोफरच्या ओठांपाशी गेला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला कळलं, ही खाणार. मी जुळवलेलं मोडू नये म्हणून खाणार, आणि ती चौकट पुन्हा कोरी राहणार. तो दिवस छातीशी धरून ही पोर त्या घरात जाणार. तिची हनुवटी थरथरायला लागली तशी मी ताडकन उठले.

"थांबा हो मुमताजबी! सकाळीच दाढ काढलीय तिची. संध्याकाळपर्यंत तोंडात काय घालू नको म्हणून डॉक्टरनं बजावलंय. आणि लेक देतेय मी, पहिलं तोंड माझं गोड नको का करायला? आणा इकडं!"

मी त्यांच्या हातातून पेढा घेतला आणि तोंडात टाकला. कोरड्या तोंडात तो नुसता चिकटून बसला. दारात उभ्या मुबारकमियाँनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"आता हिच्या वाटचा!" मुमताजबी हसत म्हणाल्या. मी दुसराही खाल्ला. जाणूनबुजून तोडलेला रोजा, गुनाह माझ्या माथी. अल्लाहला काय सांगायचं, तो बघतच होता की.

निलोफरनं गालावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"लई दुखतंय व्हय गं बाळा?" मुमताजबीनं तिला जवळ ओढलं.

"लई दुखतंय," ती म्हणाली, आणि त्या परक्या बाईच्या खांद्यावर पोटभर रडली. यावेळी कुणी नावं ठेवली नाय.

तारीख ठरवून मंडळी गेली. सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. निलोफरनं खजूर उचलला, तोडून अर्धा माझ्यापुढं धरला.

"मी पेढे खाऊन बसलेय बाई. खा तू."

तिनं रोजा सोडला. मग वरचं कॅलेंडर बाजूला करून कोऱ्या चौकटीत काजळाचं बोट टेकवलं आणि हळदीचा डबा माझ्यापुढं केला. मी हात मागं घेतला.

"अम्मी, उद्या ठेवा. मीपण ठेवते सोबत."

"तुझा झाला ना? झाला तर झाला! आता सुखानं जा."

निकाह झाला. ती लासूरला गेली. फोनवर हसून बोलते, मला त्यात आनंद आहे. रजब संपला, शाबान चालू आहे, रमजान तोंडावर आलाय. कजा उरकून घ्या गं, म्हणून मी गल्लीभर ओरडत फिरते. परवा वच्छलाबाईंनी विचारलं, "भाभी, तुमचे झाले का सगळे?"

"झाले की," मी म्हणाले.

झाले नाहीत. रोज झोपताना ठरवते, उद्या ठेवू. सहरीची वेळ होते, जाग येते, आणि मी तशीच पडून राहते. निलोफर त्या दिवसातून सुटली, मला तेच पाहिजे होतं. पण मी सुटून कुठं जाऊ? माझ्या लेकाचं माझ्याकडं एवढंच करायचं राहिलंय. तेही करून टाकलं, तर मग त्याच्यासाठी उद्या काय करू?