पोवळ्याचे डूल

"थांबा, थांबा! कोणाचं तरी कानातलं वाजतंय," काचेपलीकडून ध्वनिमुद्रक ओरेस्ते ओरडला.

माइकसमोर तिघं उभी होती. पडद्यावरच्या देखण्या मंडळींना आवाज द्यायचं त्यांचं काम. डूल घालून आली होती ती नवी पोरगी, नीव्हेस. ओशाळून तिने ते काढले आणि संवादांच्या कागदाशेजारी ठेवले.

एर्सिलियाची नजर डुलांवर गेली आणि तिथेच अडकली. लाल पोवळं, डाव्या डुलाची कडी तांब्याच्या तारेने बांधलेली. ती तार तिच्या वडिलांनी गुंडाळली होती, आईसाठी. गेल्या हिवाळ्यात घरभाडं थकलं तेव्हा तिच्या नवऱ्याने, कोर्रादोने, हेच डूल गहाण टाकायला नेले होते. "सोडवून आणतो गं," असं तो दर महिन्याला म्हणे.

"छान आहेत," एर्सिलिया म्हणाली. "कोणी दिले?"

"एकाने." नीव्हेसने मान खाली घातली. "त्याच्या आईची आठवण आहे. ती वारली."

माइकपाशी शेजारीच उभा असलेला कोर्रादो घाईघाईने पाणी प्यायला लागला. त्याची आई सकाळीच कॉफी पातळ झाली म्हणून एर्सिलियाशी भांडली होती. चांगली ठणठणीत होती.

एर्सिलियाला ओरडावंसं वाटलं. पण बारा वर्षं पडद्यावरच्या नवरा-बायकोंना ती आणि कोर्रादो हीच जोडी आवाज द्यायची. घर त्यावरच चाललं होतं. काडीमोड तर त्या काळी त्यांच्या देशात कायद्यातच नव्हता. तिने पोरीकडे पाहिलं. बावीस-तेवीसची असेल. नवी होती, कोर्रादो कोणाचा नवरा हे तिला कोणी सांगितलंही नसेल. फसली होती तीही. रागाच्या आधी एर्सिलियाला तिची कीवच आली.

दिवे मालवले. चित्रपटाचा तोच तुकडा पुन्हा सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर श्रीमंत बायको, तिच्या पैशांवर मजा मारणारा नवरा आणि "चुलतबहीण" म्हणून त्याने घरात आणलेली प्रेयसी. बायको हसत हसत तिला वाढते.

"जेव गं पोटभर," एर्सिलिया म्हणाली. "माझ्याच पैशांवर जगतेस, मग उपाशी कशाला राहतेस?"

सकाळपासून हे वाक्य तिने सहा वेळा म्हटलं होतं, चांगलं ठसक्यात. आता ते हळू आलं, मायेने. काचेमागे ओरेस्ते खुर्चीत पुढे सरकला.

पडद्यावरच्या नवऱ्याने हात उडवले, तोंड उघडलं, मिटलं. आवाज आलाच नाही.

"कोर्रादो! झोपलास का? 'ही तर माझी बहीण!' एवढंच तर म्हणायचंय!"

"घसा... घसा बसलाय."

नीव्हेसने त्याच्याकडे पाहिलं, मग एर्सिलियाकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने एका बोटाने डूल एर्सिलियापुढे सरकवले.

एर्सिलियाने ते शांतपणे कानात घातले आणि पोरीचा हात क्षणभर दाबला.

"आता परत कोण वाजतंय?" ओरेस्ते वैतागला.

"मी. पडद्यावरच्या बायकोच्या कानातही आहेत बघ डूल. वाजू दे."

ओरेस्तेने पाहिलं, मान डोलावली. तुकडा फिरला. या वेळी कोर्रादो वेळेवर बोलला, पण जेमतेम पुटपुटल्यासारखा.

"मोठ्याने बोल," एर्सिलिया त्याच्या कानाशी म्हणाली. "घरी गेल्यावर आईलाही सांगायचंय तुला, ती वारल्याचं."